व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचं सेटिंग : आधी घरचं व्होल्टेज, मग बायस

जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बायसचा, म्हणजे सिग्नल नसताना आउटपुट व्हॉल्व्हमधून वाहू द्यायच्या करंटचा. ‘मिलिअँपिअर किती ठेवू?’ पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात राहणाऱ्याने त्याआधी एक वेगळा आकडा काढावा. आपल्या घरात पहाटे, भर दुपारी आणि रात्री अकरानंतर व्होल्टेज किती असतं? औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना हे तीन आकडे क्वचितच सारखे मिळतील. कारखान्यांचा भार उतरला की व्होल्टेज चढतं, आणि लाइनच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी ते बसतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला प्रत्येक आकडा या एका आकड्यामागे चालतो. म्हणून दुसऱ्याच्या सेटवरचा बायस उचलून आपल्या सेटला लावू नये, मग तो कितीही चांगल्या पुस्तकातला असो.

हिशेब करून बघा. सेटचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या टॅपवर लावलेला आहे आणि भिंतीतून २४० व्होल्ट येत आहेत. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला हवेत ६.३ व्होल्ट, मिळतात जवळपास ६.९. ज्या एचटीवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या लाइनवर, ३०० व्होल्ट अपेक्षित आहेत तिथे ३२७ होतात. फिलामेंट जास्त तापतं, प्लेटचा करंट वाढतो, आणि दोन्ही मिळून व्हॉल्व्हचं आयुष्य खातात. अशा सेटचा बायस तुम्ही दुपारी २२५ व्होल्टवर अगदी बरोबर लावलात, तरी रात्री गाणी ऐकायला बसाल तेव्हा तो बरोबर राहिलेला नसतो. आपण सगळे ऐकतो ते रात्रीच, सेटिंग करतो दुपारी.

तेव्हा आठवडाभर, सेट चालू असताना, त्याच प्लगपाशी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचं अधिकृत व्होल्टेज २३० आहे. जुन्या फिलिप्स, मर्फी, बुशच्या सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असायचा, त्यात २२० आणि २४५ असे टॅप सापडतात. रात्रीचं व्होल्टेज २३५च्या वर जात असेल तर बिनदिक्कत २४५वर लावा. आवाजात किंचित जोर कमी वाटेल, पण व्हॉल्व्ह टिकतील. सिलेक्टरच नसेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून २३० ते १२ व्होल्टचा, दोन अँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने सिरीजमध्ये जोडून घ्या. तो पुरवठ्यातून बारा व्होल्ट वजा करतो. त्याची जोडणी उलटी झाली तर तेवढेच व्होल्ट वाढतात, म्हणून सेट लावण्याआधी साधा बल्ब लावून मीटरने तपासा आणि सगळं फ्यूजसह बंद डब्यात बसवा. फ्रिजला लावतात तो रिलेचा स्टॅबिलायझर इथे मला पसंत नाही. तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि प्रत्येक उडीला एचटी हलते. लावायचाच असेल तर सर्वो स्टॅबिलायझर लावा.

हात लावण्याआधी

आधी सेट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. आतल्या व्हॉल्व्हवर यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावं असतील तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि प्लग एका बाजूने लागला तर सगळी चासी फेजला जोडलेली असते. त्याला अर्थिंग जोडायचं नसतं आणि नवशिक्याने तो उघडायचाही नसतो. हा लेख त्या सेटसाठी नाही. ‘ई’ने सुरू होणारी नावं, म्हणजे ईएल८४, ईसीएल८२, ईसीसी८३, ईझेड८१, किंवा ६एल६, ६व्ही६ यांसारखी अमेरिकन नावं दिसली, आणि चासीवर भक्कम मेन ट्रान्सफॉर्मर बसलेला असला, की पुढे वाचा.

अशा सेटला जुनी दोन पिनांची वायर असेल तर ती काढून तीन पिनांची घाला आणि हिरवी वायर चासीला स्क्रूने पक्की आवळा. घरातल्या आरसीसीबीवर विसंबू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची एचटी मेनपासून वेगळी असते. तिचा धक्का बसला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ३०० ते ४५० व्होल्ट डीसी माणसाला मारतं, आणि ते सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहतं. दहा किलोओहम, दहा वॉटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्या, त्याला चांगल्या इन्सुलेशनची वायर आणि क्लिप जोडा, आणि सेट बंद करून प्लग काढल्यावर प्रत्येक फिल्टर कंडेन्सरवर तो दहा सेकंद धरा. मग मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची पद्धत अनेक दुकानांत अजून दिसते. त्यात कंडेन्सर आणि डोळा दोन्ही जातात.

सेट चालू असताना मोजायचं तर मीटरची काळी क्लिप आधीच चासीला लावून ठेवा, दुसरा हात मागे ठेवा, पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या. पावसाळ्यात फरशी घामेजलेली असते, त्या दिवशी हे काम करू नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नका. लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर हजारभर व्होल्टचे झटके उठतात आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. तपासणीसाठी ८ ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टन्स स्पीकरच्या जागी लावा. तो खूप तापतो, लाकडावर ठेवू नका.

मीटर चांगला घ्या. ६०० व्होल्टची सुरक्षा पातळी स्पष्ट छापलेला डिजिटल मीटर पुरतो. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर आपल्याकडच्या कितीतरी आयटीआयमध्ये आणि कारखान्यांत वापरले गेले. हे तेच घराणं, ज्याच्या शिकागो रेडिओने स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना लाउडस्पीकर पुरवले. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी १९४२मध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. त्या सभांमधल्या भोंग्यांच्या मागे व्हॉल्व्हचेच अ‍ॅम्प्लिफायर असत. आज एखाद्या मंडप डेकोरेटरच्या माळ्यावर तसा डबा धूळ खात पडला असेल, तर त्याला भंगाराच्या वजनाने तोलण्याआधी थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

खारी हवा आणि कारखान्यांची हवा

पुण्यात किंवा नागपुरात बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात ही गोष्ट येणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपला पट्टा समुद्राला लागून आहे. चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे, डहाणू या सगळ्या गावांत हवेत मीठ असतं. त्यात तारापूर एमआयडीसीतले रासायनिक आणि औषधनिर्मितीचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ आला, तो देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वरचा. माणसांच्या फुप्फुसांसाठी ही बाब गंभीर आहेच. सेटच्या बाबतीत तिचा अर्थ एवढा, की तांबं आणि चांदीचा मुलामा इथे लवकर काळा पडतो. व्हॉल्व्हची पिन आणि बेसची पकड यांच्यात काजळीसारखा थर बसतो. आवाज मध्येच जातो, टिचकी मारली की येतो, आणि बायसचा आकडा मोजताना सारखा नाचतो. अशा सेटचा बायस लावत बसलात तर दिवस वाया जाईल.

म्हणून पहिलं काम सफाईचं. व्हॉल्व्ह पूर्ण थंड झाल्यावर सरळ वर ओढून काढा, हलवून काढू नका, नाहीतर नऊ पिनांच्या काचेच्या व्हॉल्व्हला तळाशी चीर जाते. एकदा हवा आत गेली की वरचा चंदेरी डाग पांढरा पडतो, तो व्हॉल्व्ह संपला. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर लावू नका, मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पिना दुप्पट वेगाने काळ्या होतात. बेसच्या भोकांत दातांच्या फटी साफ करण्याचा बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा. पकड सैल असेल तर बारीक सुईने पत्ती किंचित आत ढकला. व्हॉल्यूम आणि टोनच्या कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब पुरतात. डब्यावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ लिहिलेलं बघून घ्या.

दुसरं काम सुकवण्याचं. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या सेटच्या ट्रान्सफॉर्मरचा कागद आणि वायरीचं सुती आवरण ओल धरतं. प्लग काढून ठेवा, कॅबिनेटमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब एका कोपऱ्यात, कुठेही न टेकता, पाच-सहा तास पेटवून ठेवा आणि जवळ राहा. नंतर शक्य असेल तर इन्सुलेशन मोजणारा मेगर लावा. बोईसरला मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात तो मिळेल. ५०० व्होल्टवर प्रायमरी आणि चासी यांच्यात दोन मेगाओहमपेक्षा कमी दाखवत असेल तर तो सेट चालू करू नका. चांगला ट्रान्सफॉर्मर याच्या कितीतरी पट जास्त दाखवतो.

कंडेन्सर बदलल्याशिवाय बायस नाही

आता सेट चालू करण्याची वेळ. थेट प्लगमध्ये नाही, सिरीज बोर्डवर. मधे १०० वॉटचा तारेचा बल्ब घाला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा डिमरस्टॅट असेल तर आणखी चांगलं, पण एक लक्षात ठेवा. ईझेड८१सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये शंभर व्होल्टवर काहीच घडत नाही, कारण रेक्टिफायरचं फिलामेंटच तापलेलं नसतं. अशा सेटला डिमरस्टॅटने हळूहळू चढवून कंडेन्सर ‘जागे’ होतात, हा समज आहे.

माझं मत असं, की चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर जागे करण्यापेक्षा बदलावेत. नवीन ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे घ्या. मूल्य जुन्याइतकंच ठेवा. ‘जास्त मायक्रोफॅराड म्हणजे कमी हमिंग’ म्हणून रेक्टिफायरच्या लगेच पुढे १०० किंवा २२० बसवणारे भेटतात. ईझेड८१ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅराडचा चालतो. त्यापुढे सुरुवातीच्या झटक्यात रेक्टिफायरच्या आत ठिणग्या उडतात.

फिल्टरपेक्षाही महत्त्वाचा एक छोटा कंडेन्सर आहे. आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट आणि आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड यांच्यामधला, साधारण ०.०२ ते ०.१ मायक्रोफॅराडचा, मेणाचा किंवा कागदाचा. तो जरासा लीक झाला की आधीच्या प्लेटवरचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर येतं, आउटपुट व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, त्याची प्लेट लालबुंद होते आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. तपासणी सोपी आहे. सेट बंद करून कंडेन्सर रिकामे करा, आउटपुटचे ईएल८४ काढा, मीटर डीसीवर ठेवून बेसच्या दोन नंबरच्या पिनेला आणि चासीला लावा, सेट चालू करा आणि मिनिटभर बघा. जिथे कॅथोड रेझिस्टन्सने बायस मिळतो त्या सेटमध्ये इथे शून्य हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी तो कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घाला. ही तपासणी मिनिट-दोन मिनिटांतच उरका, कारण आउटपुट व्हॉल्व्ह नसताना एचटी नेहमीपेक्षा वर चढते.

हे झाल्यावर, सेट बंद असताना, आउटपुट व्हॉल्व्हचा कॅथोड रेझिस्टन्स आणि त्याच्या आसपासचे कार्बनचे रेझिस्टन्स ओहमवर मोजा. जुने कार्बन रेझिस्टन्स बहुतेक वेळा वाढलेले निघतात. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तो बदला. आता बायस.

बायस

घरगुती रेडिओग्राममध्ये बहुधा एकच ईएल८४ असतो आणि बायसला स्क्रू नसतो. बायस ठरवतो तो कॅथोडचा रेझिस्टन्स. फिलिप्सच्या माहितीपत्रकातले आकडे असे : प्लेट आणि स्क्रीनवर २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहम, प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीनचा ५.५. दोन्ही मिळून ५३.५ मिलिअँपिअर १३५ ओहममधून गेले की रेझिस्टन्सवर सव्वासात व्होल्टच्या आसपास पडतात. हाच तुमचा मोजायचा आकडा. आणि २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे बरोबर १२ वॉट, ईएल८४च्या प्लेटची कमाल मर्यादा. म्हणजे कंपनीने आखून दिलेलं कामच मर्यादेच्या रेषेवर आहे. तिथे आपल्या घरचं चढलेलं व्होल्टेज मिसळा.

समजा रात्री तुम्हाला प्लेट ते कॅथोड २७० व्होल्ट मिळाले आणि रेझिस्टन्सवर ७.८ व्होल्ट. ७.८ भागिले १३५ म्हणजे ५७.८ मिलिअँपिअर. त्यातून स्क्रीनचे साधारण सहा वजा करा, राहिले ५२. गुणिले २७०, झाले चौदा वॉट. हा व्हॉल्व्ह वाजेल, छान वाजेल, आणि अकाली मरेल. उपाय दोन. पहिला आणि चांगला, मेनचं व्होल्टेज खाली आणणं, कारण त्याने फिलामेंटही वाचतं. दुसरा, कॅथोड रेझिस्टन्स १३५वरून १५० किंवा १८० ओहम करणं. रेझिस्टन्स तीन वॉटचा घ्या आणि बदलल्यावर पुन्हा मोजा. मला दहा ते अकरा वॉटवर चालणारा ईएल८४ आवडतो. आवाजात फरक कानाला जाणवत नाही, खिशाला जाणवतो.

दोन ईएल८४ पुशपुलमध्ये असतील तर दोघांना मिळून १३० ओहमचा एकच रेझिस्टन्स बऱ्याच सेटमध्ये सापडतो. ३०० व्होल्टवर, सिग्नल नसताना, प्रत्येकी ३६ मिलिअँपिअर प्लेटचे आणि चार स्क्रीनचे धरले तर रेझिस्टन्सवर १०.४ व्होल्ट येतात. एकत्र रेझिस्टन्स असला की एक अडचण असते. एक व्हॉल्व्ह ५० आणि दुसरा २२ ओढत असला तरी बेरीज तीच दिसते. म्हणून प्रत्येक कॅथोडच्या वाटेत १० ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टन्स कायमचा बसवून घ्या. त्यावर ४०० मिलिव्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. दोघांमध्ये पाच मिलिअँपिअरच्या आत फरक असेल तर समाधान माना. जास्त असेल तर दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करा. फरक व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बेसला गेला तर व्हॉल्व्ह अशक्त आहे. फरक त्याच बेसवर राहिला तर दोष सर्किटमध्ये आहे, बहुतेक वेळा त्याच लीक कंडेन्सरमध्ये. या एका चाचणीने व्हॉल्व्हवरचा किती खर्च वाचतो ते दुकानात भाव विचारल्यावर कळेल.

मोठ्या सेटमध्ये, ईएल३४ किंवा ६एल६ असलेल्या लाउडस्पीकरच्या डब्यांत, बायस निगेटिव्ह व्होल्टेजने देतात आणि तो लावायला छोटा पॉट असतो. इथे क्रम चुकवू नका. आधी बायसच्या पुरवठ्यातला इलेक्ट्रोलिटिक बदला. त्याची पॉझिटिव्ह बाजू चासीला असते, नेहमीच्या उलट. जुना कार्बनचा पॉट बदला. पॉटच्या मधल्या पिनेपासून जास्तीत जास्त निगेटिव्ह टोकापर्यंत एक रेझिस्टन्स जोडून घ्या, म्हणजे पॉटची आतली पकड कधी सुटली तर बायस निगेटिव्हकडेच जाईल, शून्याकडे नाही. मग आउटपुट व्हॉल्व्ह न लावता सेट चालू करून ग्रिडच्या पिनेवर (ईएल३४ला पाच नंबर) निगेटिव्ह व्होल्टेज येतं का बघा आणि पॉट सर्वांत निगेटिव्ह बाजूला फिरवा. त्यानंतरच व्हॉल्व्ह.

किती लावायचा? ईएल३४च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट. त्याच्या सत्तर टक्के, साडेसतरा वॉट, हा सुरक्षित आकडा आहे. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर ४४ मिलिअँपिअर, म्हणजे कॅथोडच्या १० ओहमवर ४४० मिलिव्होल्ट. या आकड्यात स्क्रीनचा करंटही मोजला जातो, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. ६एल६च्या बाबतीत जास्त जपा. आजच्या ६एल६जीसीची मर्यादा ३० वॉट आहे, पण जुन्या धातूच्या ६एल६ची आणि ६एल६जीची १९. आधुनिक तक्त्यातला आकडा जुन्या व्हॉल्व्हला लावलात तर अर्ध्या तासात प्लेट लाल होईल. काचेवरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, वाचा. जुन्यासाठी ४०० व्होल्टवर ३३ मिलिअँपिअरच्या वर जाऊ नका.

पॉट एकदम फिरवू नका. थोडं फिरवा, दोन मिनिटं थांबा, दुसऱ्या व्हॉल्व्हचा करंट बघा, एचटी पुन्हा मोजा, कारण करंट वाढला की एचटी खाली येते आणि सगळा हिशेब सरकतो. सेट अर्धा तास तापू द्या, मगच शेवटचा आकडा लिहा. खोलीतले दिवे मालवून प्लेटकडे बघा. फिलामेंटचा नारिंगी प्रकाश आणि प्लेटचा लाल डाग यांत फरक आहे. प्लेटच्या राखाडी पत्र्यावर कुठेही लाली दिसली तर तात्काळ बंद. हे सगळं तुम्ही दुपारी केलंत तर रात्री, जास्त व्होल्टेजवर, पुन्हा मोजा आणि सेटिंग रात्रीच्या आकड्यावर ठेवा. जून-जुलैत एकदा आणि ऑक्टोबरनंतर एकदा तपासा. दमट हवेत बॅकेलाइटच्या बेसवर, धूळ आणि मीठ बसलेलं असेल तर, पिनांमध्ये बारीक गळती होते आणि ग्रिडचं व्होल्टेज सरकतं.

हमिंग आणि कान

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. खर्जातली घरघर ५० हर्ट्झची असेल तर दोष फिलामेंटच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. त्याच्या एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कंडेन्सरमध्ये. ज्याला सुरांची सवय आहे त्याला हा फरक मीटरशिवाय कळतो. काही सेटमध्ये फिलामेंटवर १०० ओहमचा हम बॅलन्सचा पॉट असतो. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा आणि तो पॉट आकडा सर्वांत खाली येईल तिथे सोडा.

ताकद मोजायची असेल तर मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर द्या, कारण साधे मीटर त्याच्या वर खरा आकडा दाखवतीलच असं नाही. ८ ओहमच्या रेझिस्टन्सवर ९ व्होल्ट एसी म्हणजे दहा वॉट. मलार्ड या व्हॉल्व्ह कंपनीने १९५४मध्ये प्रसिद्ध केलेलं ‘पाच-दहा’ सर्किट, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, याच मापाचं होतं आणि हौशी लोकांनी ते जगभर बांधलं. सूर कुठे फाटतो ते नेमकं बघायला ऑसिलोस्कोप लागतो. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत रीतसर विचारा. जुना अ‍ॅम्प्लिफायर बघून प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघेही उत्सुकतेने पुढे येतात, असा अनुभव आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर कधी बदललेला असेल आणि चालू करताच सेट किंचाळत असेल, तर फीडबॅक उलटा लागला आहे. प्रायमरीच्या दोन टोकांची अदलाबदल करा. शेवटची परीक्षा मात्र ओळखीच्या आवाजाचीच. तंबोऱ्यावर सुरू होणारा, तुम्ही शंभरदा ऐकलेला एखादा आलाप लावा, किशोरीताईंचा असो की भीमसेनांचा. तंबोऱ्याच्या जव्हारीत धूसरपणा आला, किंवा वरच्या षड्जावर आवाज खरखरला, तर आकडे बरोबर असले तरी काम संपलेलं नाही. बहुतेक वेळा दोष ईसीसी८३च्या जागी निघतो. तिथे दुसरा व्हॉल्व्ह घालून बघा.

सामान कुठून आणायचं

बोईसरच्या दुकानांत कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मिळतील. व्हॉल्व्हसाठी अजून मुंबईच गाठावी लागते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, आणि जुन्या मालासाठी चोरबाजार. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवले. काचेवर ‘बीईएल’ छापलेला, न वापरलेला ईएल८४ अजूनही कुठेतरी डब्यात सापडतो, आणि तो घेण्यासारखा असतो. वापरलेल्या व्हॉल्व्हवर नवं नाव छापून विकणारेही आहेत. पिनांवरचे ओरखडे आणि चंदेरी डागाची तपकिरी किनार बघा. शंका आली तर स्लोव्हाकिया किंवा चीनमध्ये आज बनणारे नवे व्हॉल्व्ह घ्या. जुळवलेली जोडीच मागा.

सगळं झाल्यावर एका कागदावर तारीख, मेनचं व्होल्टेज, एचटी, प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट आणि बदललेल्या भागांची नोंद लिहा आणि कॅबिनेटच्या आत चिकटवा. पुढच्या माणसाला, तो तुमचा मुलगा असो किंवा अनोळखी मेकॅनिक, त्यामुळे अर्धं काम तयार मिळतं.

आणि एक विनंती. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, बेस, पॉट, सगळं पुन्हा मिळतं. जुन्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तो मोटारीसारखा सरळ गुंडाळलेला नसतो. प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटून-पालटून घातलेले असतात आणि आवाजाचा वरचा पट्टा त्यावरच अवलंबून असतो. तो जळला असेल तर फेकू नका. रिवाइंडिंगवाल्याला सांगा की उलगडताना प्रत्येक थराचे वेढे मोज, कागदाची जाडी बघ आणि लिहून ठेव. आणि सेट भंगारात द्यायचाच असं ठरलं असेल, तर निदान दोन्ही ट्रान्सफॉर्मर काढून कोरड्या जागी ठेवा. ते दुसऱ्या कुणाचा तरी सेट चालू करतील.